सात खाटांचं एक भांडं

तिसऱ्या गुरुवारीही क्रेसेन्सियोला ऑपरेशन थिएटरच्या दारातून माघारी आणलं, तेव्हा त्याच्या बायकोने, जिला सगळे आदराने न्या एर्मेलिंदा म्हणत, स्ट्रेचरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. चाळीस वर्षं विटा थापलेले हात ते. वॉर्डबॉयने दोनदा ढकलून पाहिलं, स्ट्रेचर तसूभरही हललं नाही.

"आता काय झालं?"

डॉक्टर बारेइरो हातातल्या कागदाकडे बघत होता. एकोणतीस वर्षांचा पोरगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, छत्तीस तास घरी न गेलेला. बघून दया यावी असा. पण एर्मेलिंदाची दया दुसऱ्या गुरुवारीच संपली होती.

"लघवी घाण आहे, सेन्योरा."

"लघवी घाणच असते, डॉक्टर. स्वच्छ असती तर आम्ही तिचं थंडगार तेरेरे करून प्यालो असतो."

स्ट्रेचरवर क्रेसेन्सियो खुदकन हसला. काल संध्याकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, तरी हसला. तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने तोंडावर चादर ओढून घेतली.

"त्यात जंतू आहेत," बारेइरो म्हणाला. "जंतू असताना कापलं तर ते रक्तात जातील. लघवी स्वच्छ झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. नियम आहे."

"मग करा ना स्वच्छ! एकेचाळीस दिवस झाले. सिप्रोच्या गोळ्या झाल्या, पिवळं सलाइन झालं, आणि ते बर्फात ठेवायचं इंजेक्शनही झालं. त्याच्यासाठी आमच्या गल्लीने दोन रविवार कोंबड्या भाजून विकल्या. बायका धुराने आंधळ्या झाल्या. ते सगळं गेलं कुठे?"

"जंतूंनी दाद दिली नाही. आता चौथं सुरू करू."

"ते लागू पडेल?"

बारेइरोने खांदे उडवले. खरं बोलणारा पोरगा होता, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

क्रेसेन्सियोचं दुखणं तसं म्हाताऱ्या पुरुषांचं नेहमीचं. तोबाती गावात त्यांची विटांची भट्टी. डिसेंबरात एके दिवशी लघवी अडली ती अडलीच, पोट नगाऱ्यासारखं झालं. राजधानीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात आणलं, नळी घातली, पिशवी लटकवली. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे, खरवडून काढली की माणूस मोकळा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तासाभराचं काम. त्या तासाभराच्या कामासाठी ती दोघं जानेवारीची, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याची, भट्टीसारखी उन्हं या वॉर्डात काढत होती. तो खाटेवर, ती खाटेशेजारच्या घडीच्या खुर्चीत. मध्येच त्याला हुडहुडी भरे, ताप चढे, दोन दिवस तो बरळे, मग उतरे. प्रत्येक तापानंतर तो थोडा कमी होऊन उठे. गेल्या तापानंतर त्याला स्वतःच्या भट्टीचा शिक्का आठवेना. चाळीस वर्षं प्रत्येक विटेत दाबलेला शिक्का: दोन रेघा आणि मध्ये टिंब. त्या दिवशी पहिल्यांदा एर्मेलिंदाला वाटलं, हा इथून चालत बाहेर जाणार नाही.

वॉर्डात सात खाटा. सात पुरुष, सात नळ्या, सात पिशव्या. नर्स मात्र एक, लुक्रेसिया, आणि तिच्याकडे असे चार वॉर्ड. हातमोजे, सुया, पिशव्या, सगळं नातेवाइकांनी समोरच्या औषधाच्या दुकानातून आणायचं. धुणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं नातेवाइकांनीच करायचं. भिंतीवर हात निर्जंतुक करायच्या औषधाची बाटली टांगलेली होती. ती गेल्या ईस्टरपासून रिकामी होती आणि कुणीतरी तिच्यात प्लास्टिकचं फूल खोचलं होतं.

एर्मेलिंदा आली त्या आठवड्यात पिशव्या भरून फरशीवर ओघळत होत्या. ज्याला जे मिळेल त्यात तो रिकामं करी. कुणी कापलेल्या बाटलीत, कुणी मुलाच्या वाळूच्या बादलीत. मग लुक्रेसिया ओरडे, "किती मिली झाली? डॉक्टर मला विचारतात! 'बरीच' हे काय माप आहे?" दोन दिवस एर्मेलिंदाने हे ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिने घरून हिरवं भांडं मागवलं, रेघा-रेघांचं, कानाचं. याच भांड्याने ती तीस वर्षं चिपा पावाच्या पिठाचं दूध मापत आली होती. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पहिल्या खाटेपासून सातव्या खाटेपर्यंत. पिशवीची तोटी भांड्यात सोडायची, आकडा खाटेच्या पुठ्ठ्यावर लिहायचा, भांडं बादलीत ओतायचं, पुढची खाट. सातव्या खाटेनंतर कॉरिडॉरच्या टोकाच्या नळावर विसळून उपडं ठेवायचं. कुणाचा नातेवाईक जेवायला गेला असो, कुणाला नातेवाईकच नसो, न्या एर्मेलिंदाच्या फेरीत एकही खाट चुकली नाही.

बर्फाच्या पाण्यात हिरवा पाला भिजवून केलेल्या तेरेरेची फेरी असते तशीच ही फेरी. ओतणारी एक, पेला एक, क्रम ठरलेला, कुणाला वगळायचं नाही. लुक्रेसियाने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले होते. मुख्य डॉक्टर एकदा राउंडला आले तेव्हा बारेइरोला म्हणाले होते, "असे नातेवाईक हवेत." एर्मेलिंदाने ते वाक्य तोबातीला फोन करून दोघा-तिघांना ऐकवलं होतं.

तर त्या गुरुवारी, क्रेसेन्सियोला खाटेवर पुन्हा टाकून, घामाघूम होऊन ती कॉरिडॉरमध्ये आली. तिथे नातेवाइकांची दुपारची मंडळी तेरेरेसाठी गोल करून बसली होती. ओतत होती मिर्ता, पाचव्या खाटेवरच्या डोन आनास्तासियोची मुलगी, चाळिशीची, शाळेत स्वयंपाक करणारी, जिभेला हाड नसलेली.

"आलं परत तुमचं पार्सल?" मिर्ताने शिंगाचा पेला पुढे केला.

"घाण लघवी म्हणे."

"माझ्या बापाचीही घाण. तिसऱ्या खाटेवाल्याची घाण. सगळ्यांचीच घाण, न्या एर्मेलिंदा. बहुतेक इथे फक्त डॉक्टरच अत्तर मुततात."

गोल हसला. एर्मेलिंदा हसली नाही. बर्फाचं पाणी बोंबियाच्या धातूच्या नळीतून ओढून घशाखाली उतरवलं, पेला परत दिला आणि म्हणाली, "कुणीतरी खोटं बोलतंय. एक तर औषधं बनावट आहेत, नाहीतर खाली लॅबमध्ये बसलेले लोक झोपा काढतात. एवढी औषधं घालून भिंतीतली झुरळंसुद्धा मेली असती."

शनिवारी डोन आनास्तासियोला ताप भरला. आधीच पाठवलेल्या त्याच्या लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतूंवर कोणतं औषध चालेल त्या तपासणीचा, रिपोर्ट शनिवारी सकाळी लॅबमधून वर आला आणि नर्सच्या टेबलाच्या खणात जाऊन पडला, कारण शनिवार-रविवार कागद वाटणारा माणूस सुट्टीवर असतो. जंतू सुट्टी घेत नाहीत. शनिवारी त्याला सिप्रो चालू होती, रविवारी सिप्रोच, सोमवारी दुपारी बारेइरोने खण उघडला आणि कपाळावर हात मारला. तोवर म्हातारा दात वाजवत होता आणि मिर्ताला आई समजून हाका मारत होता.

मंगळवारी गोलात एक नवी बाई येऊन बसली. पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, साधा झगा. स्वतःचा थर्मास घेऊन आली होती. इथे कुणी कुणाला 'तू कोण' विचारत नाही. दुखणं असल्याशिवाय कोण येतं इथे. दोन पेले प्याली, छान बोलली, बारा वाजता एर्मेलिंदा भांडं घेऊन उठली तेव्हा दारात उभी राहून बघत राहिली. संध्याकाळी सहालाही दारातच होती.

बुधवारी पहाटे डोन आनास्तासियोला अतिदक्षता विभागात नेलं. त्याच सकाळी बारेइरो क्रेसेन्सियोच्या खाटेशी आला आणि म्हणाला, "चौथंही लागू पडत नाही, लॅब म्हणते. उद्याचा गुरुवारही..."

"लॅब म्हणते," एर्मेलिंदा म्हणाली. "कुठाय ही लॅब?"

"तळघरात. पण तिथे नातेवाइकांना..."

ती जिना उतरायलाही लागली होती.

दारावर 'प्रवेश बंद' लिहिलं होतं. तिने दार ढकललं. "घाण लघवी ठरवणारा कोण आहे इथे? समोर या!"

खिडकीपाशी बसलेल्या बाईने मान वळवली. दोरीचा चष्मा.

"तू?" एर्मेलिंदा जागीच थबकली. "काल आमच्यात बसून तेरेरे प्यालीस की!"

"चांगलं होतं. पुदिना जरा जास्त झाला होता." बाईने स्टूल पुढे सरकवलं. "निदिया काबान्यास. घाण लघवी मीच ठरवते, एकोणीस वर्षं. बसा न्या एर्मेलिंदा. मी आज तुम्हालाच भेटायला वर येणार होते."

"बसायला नाही आले. माझा नवरा मरतोय. चार औषधं घातली, चारही वाया गेली. तुम्ही बघता तरी का नीट?"

निदियाने कपाट उघडलं. आतून झाकणांच्या चपट्या बशा काढून एकेक टेबलावर मांडल्या. सात. आत पिवळट खळीसारखं काहीतरी, त्यावर जंतूंची साय, आणि सायीत रोवलेल्या पांढऱ्या कागदी टिकल्या.

"प्रत्येक टिकलीत एक औषध आहे. औषध चालत असेल तर टिकलीभोवती मोकळं अंगण राहतं, जंतू तिथे उगवत नाहीत. बघा, किती अंगणं दिसतात."

एर्मेलिंदाने वाकून बघितलं. साय टिकल्यांना खेटून उगवली होती. एका बशीत एकच अंगण. दुसऱ्या बशीत एकच, त्याच जागी. तिसरीतही तिथेच. तिने सातही बशा पाहिल्या, मग पुन्हा पहिलीपासून पाहिल्या. विटांच्या राशीतून परक्या भट्टीची वीट हुडकून काढायला तिला अर्धा क्षण लागे. इथे परकी एकही नव्हती.

"हा सगळा एकाच भट्टीचा माल आहे," ती म्हणाली.

निदियाने चष्मा काढला. "हे मुख्य डॉक्टरांना समजावायला मला चार पत्रं लागली, तरी समजलं नाही. हो. एकच जंतू, सात माणसांत. क्लेबसिएला म्हणतात त्याला, नाव लक्षात नाही ठेवलंत तरी चालेल. सात माणसांना आपापला वेगळा आजार झाला असता तर सात तऱ्हा दिसल्या असत्या. हा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर चालत गेलाय. आणि जंतूला पाय नसतात."

"म्हणजे डॉक्टरांच्या हातांनी."

"तेही असेल. मी तेच बघायला आले होते काल. डॉक्टर दिवसातून एकदा येतात, दोन खाटांना हात लावतात, पळतात. नर्स तेवढंही नाही. सगळ्या सात खाटांना, रोज तीनदा, ठरलेल्या क्रमाने..."

ती थांबली. एर्मेलिंदाला कळलं होतं, पण कळलेलं आत शिरायला तयार नव्हतं.

"बोला ना. बोला."

"पिशवीची तोटी भांड्याच्या कडेला टेकते. सगळ्या सात पिशव्यांची. आणि मध्ये तुम्ही हात धूत नाही."

"नळ कॉरिडॉरच्या टोकाला आहे! सात वेळा जाऊ? दुपारी पाणी तरी असतं का त्याला? आणि साबण कोण ठेवतं तिथे?"

"कुणी ठेवत नाही. तेही माझ्या पत्रांत आहे."

"मी नसते तर पिशव्या फुटल्या असत्या! तुमच्या इस्पितळाचं काम मी करते, फुकट करते, आणि तुम्ही... तुम्ही काल दारात उभ्या राहून बघितलंत. बारालाही, सहालाही. बघितलंत आणि थांबवलं नाहीत?"

निदियाचा चेहरा लाल झाला. "खात्री हवी होती. खात्री नसताना बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी मला हाकललं असतं. आणि खात्री करायला एक दिवस लागतो." तिने आठवी बशी टेबलावर ठेवली. "तुम्ही भांडं नळापाशी उपडं ठेवलं होतं. मी कापसाने आतून पुसून घेतलं. ही तुमची भट्टी."

एकच अंगण. त्याच जागी.

वर पंखा घरघरत होता. एर्मेलिंदा शेवटी स्टुलावर बसली. मग म्हणाली, "पण पहिल्यांदा आला कुठून?"

"ते कुणालाच कळणार नाही. कुणीतरी दोन गोळ्या खाऊन बाकीच्या ठेवून दिल्या असतील. कुणा डॉक्टरने कल्चर न बघता औषध लिहिलं असेल. जंतू मार खाऊन शिकतो."

एर्मेलिंदाच्या डोळ्यांपुढे घरचा बिस्किटांचा डबा आला. जळजळ झाली की क्रेसेन्सियोने दोन कॅप्सूल खायच्या, बरं वाटलं की पाकीट डब्यात. दुकानदार विचारत नसे, ती सांगत नसे. सगळी गल्ली तेच करी. ती त्याबद्दल काही बोलली नाही.

"ते जे एक अंगण आहे," ती म्हणाली, "ते कोणतं औषध?"

"जुनं इंजेक्शन आहे. स्वस्त. आपल्याच भांडारात पडून आहे. कानाला आणि किडनीला जपून द्यावं लागतं म्हणून हल्ली कुणी लिहीत नाही. डोन आनास्तासियोला सोमवारी सुरू केलं. शनिवारी केलं असतं तर..."

"भांडारात," एर्मेलिंदा म्हणाली. "आणि आमच्या बायका धुरात कोंबड्या भाजत होत्या."

ती वर आली तेव्हा बाराला पाच कमी होते. मंडळी गोलात होती. मिर्ता अतिदक्षता विभागाच्या दारावरून नुकतीच आली होती, डोळे सुजलेले, पण पेला तिच्याच हातात. तिसऱ्या खाटेवाल्याच्या बायकोने हाक मारली, "न्या एर्मेलिंदा, भांडं घ्या, आमची पिशवी तुडुंब झालीय!"

न सांगता चाललं असतं. भांडं हरवलं म्हणायचं. निदियाला येऊन सांगू द्यायचं. तिला सगळ्यांनी फाडून खाल्लं असतं, वरचे लोक आता आमच्या मदतीलाही नावं ठेवतात म्हणून, आणि संध्याकाळी दुसरं कुणीतरी दुसरं भांडं घेऊन फिरायला लागलं असतं. या लोकांनी ऐकावं अशी एकच बाई होती वॉर्डात. एर्मेलिंदाला त्या क्षणी त्या बाईचा भयंकर राग आला.

"कुणी पिशवीला हात लावू नका," ती म्हणाली. "आधी माझं ऐका."

तिने सांगितलं. सजवलं नाही, रडली नाही. सात बशा, एक शिक्का, निदियाची चार पत्रं, आठवी बशी. भांडं माझं, हात माझे.

मग तिसऱ्या खाटेची बायको म्हणाली, "काहीतरीच! तुम्ही तर उपकार केलेत आमच्यावर."

"उपकारच केले. तेच तर सांगतेय."

मिर्ताने पेला थर्मासच्या झाकणावर ठेवला. "म्हणजे माझ्या बापाला हे..."

"हो."

"तुम्ही."

"मी. आणि खणात पडलेला तो कागद. आणि बाकीचेही. पण भांडं माझं."

मिर्ता उठली आणि निघून गेली. पेला तिथेच राहिला. कुणीच ओतलं नाही.

त्या दुपारी एर्मेलिंदाने समोरच्या दुकानाच्या कचऱ्यातून सरबताच्या सात बाटल्या उचलल्या, साबणाने उकळत्या पाण्यात घासल्या, गळे कापले, हिरव्या भांड्याशी लावून लावून पेनाने रेघा मारल्या, प्रत्येकीवर खाटेचा नंबर लिहिला आणि खाटेच्या पायाला बांधली. साबणाची वडी आणून नळापाशी जाळीत टांगली. ज्याची खाट त्याची बाटली, रिकामं करण्याआधी हात, केल्यावर हात. ज्याला नातेवाईक नाही त्याचं ती करी, पण त्याच्याच बाटलीत. लोक कुरकुरले. पहिल्या खाटेचा मुलगा म्हणाला, "एवढं कौतुक कशाला? इथे तर भिंतीसुद्धा घाण आहेत." एर्मेलिंदा म्हणाली, "भिंत तुझ्या बापाच्या मूत्राशयात घुसत नाही. हात धू." त्याने धुतले. दुसऱ्या दिवशी विसरला. तिने पुन्हा बोंब मारली. दिवसात वीस वेळा बोंब मारावी लागे. घसा बसला तिचा.

रविवारी डोन आनास्तासियो गेला.

सोमवारी राउंडला बारेइरो आला, पुठ्ठा पाहिला आणि म्हणाला, "या आठवड्यात पुन्हा कल्चर पाठवू. स्वच्छ आली तर..."

"नाही येणार," एर्मेलिंदा बसलेल्या घशाने म्हणाली. "मला एक सांगा. नळी का काढत नाही?"

"ऑपरेशन झालं नाही म्हणून."

"ऑपरेशन का होत नाही?"

"जंतू आहेत म्हणून."

"आणि जंतू का जात नाहीत?"

बारेइरोने पुठ्ठा पुन्हा उचलला.

"नळीच्या आतून शेवाळ धरतं त्यांचं," मागून निदिया म्हणाली. ती तळघरातून वर आली होती, पांढऱ्या कोटात. गेल्या एकोणीस वर्षांत ती या वॉर्डात कोट घालून आली असेल तर कुणाला आठवत नव्हतं. "नळी आहे तोवर ही लघवी कधीच स्वच्छ येणार नाही, डॉक्टर. पुढच्या ख्रिसमसलाही नाही. नळी बदला, जे एक औषध चालतं ते देऊन ऑपरेशन करा, आणि नळी काढून टाका. स्वच्छ लघवीची वाट कशाला बघता? ऑपरेशनपुरते जंतू रक्तात जाऊ न देणं औषधाने जमतं."

"पण नियम..."

"कुठे लिहिलाय?" एर्मेलिंदाने विचारलं. "दाखवा मला. मी वाचते."

नियम कुठे लिहिलेला होता ते बारेइरोलाच ठाऊक नव्हतं. त्याला त्याच्या वरच्याने सांगितलं होतं, वरच्याला त्याच्या वरच्याने. तो कॉरिडॉरमध्ये गेला, दोन फोन केले. दुसऱ्या फोनवर पलीकडचा बराच वेळ ओरडत होता आणि याचे कान लाल झाले. मग आवाज चढवून म्हणाला, "नाही सर. या वेळी मी परत नाही पाठवणार." आत येऊन पुठ्ठ्यावर लिहिलं: गुरुवार.

गुरुवारी क्रेसेन्सियो दारातून आत गेला आणि माघारी आला नाही. आला तो दोन तासांनी, गुलाबी पाण्याची पिशवी घेऊन, गुंगीत. शुक्रवारी ताप नाही. शनिवारी नाही. रविवारी नळी निघाली. सोमवारी सकाळी तो भिंत धरून संडासात गेला आणि एर्मेलिंदा दाराबाहेर उभी राहिली. आत बराच वेळ काही नाही. मग आवाज आला. बारीक, तुटक, मग सलग. आतून क्रेसेन्सियो ओरडला, "किती मिली लिहू गं?" ती भिंतीला टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हात खाली घेतले तेव्हा समोर मिर्ता उभी होती. काळा ब्लाउज, हातात बापाच्या मृत्यूच्या कागदांची पिशवी. शिक्क्यासाठी तिला तिसऱ्यांदा बोलावलं होतं.

"मुतला?"

"मुतला."

मिर्ताने मान हलवली. मग म्हणाली, "मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"भांडं कुठाय ते?"

एर्मेलिंदाने खुर्चीखालून काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. टाकवलं नव्हतं, घरी नेववणार नव्हतं. मिर्ताने कागद न उघडताच ते काखेत मारलं.

"आठ दिवस मी विचार करतेय," ती म्हणाली. "तुम्हाला शिव्या घालायच्या ठरवून आले होते. जिना चढताना वाटलं, एका विटा थापणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यावर हे अख्खं इस्पितळ चाललं होतं. चार पत्रं वर पडून होती. मग मी एकट्या तुमच्याच झिंज्या का उपटू? चला."

"कुठे?"

"दुसऱ्या मजल्यावर. डायरेक्टरच्या टेबलावर ठेवते हे. म्हणते, तुमचं आहे, सांभाळा. सात भांडी द्या, साबण द्या, शनिवारी कागद वाटायला माणूस द्या. नाहीतर मी इथेच बसते, मला आता घरी कुणाचं करायचं नाहीये. आणि तुम्ही माझ्याबरोबर बसायचं. ते तुमच्याकडे लागतं माझं."

डायरेक्टरच्या दारातली पोरगी नखं रंगवत होती. साहेब मीटिंगमध्ये आहेत, म्हणाली. कधी सुटेल? सांगता येत नाही. कशासंदर्भात?

"लघवीसंदर्भात," मिर्ता म्हणाली.

दोघी बाकावर बसल्या. मध्ये वर्तमानपत्रातलं भांडं. दहा वाजले, साडेदहा वाजले. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. मिर्ताने थर्मास काढला, पेला भरला, पहिला स्वतः ओढला. दुसरा भरून काही वेळ तसाच धरला. मग एर्मेलिंदाकडे न बघता तिच्यापुढे केला. एर्मेलिंदाने खिशातून रुमाल काढून बोंबियाचं टोक पुसलं. "आता हेही पुसणार का?" मिर्ता खेकसली. "पुसणार," एर्मेलिंदा म्हणाली आणि प्याली.

बारा वाजले. इस्पितळाच्या आवारातली घंटा झाली तशी एर्मेलिंदा सवयीने ताडकन उठली, भांड्याकडे हात गेला.

"बसा," मिर्ता म्हणाली. "त्याची पिशवी निघालीय."

खरंच की. ती बसली. आज तिला कुठे जायचं नव्हतं. दार बंदच होतं. नखं रंगवणाऱ्या पोरीने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली की साहेब आता जेवायला बसतील.

"बसू दे," एर्मेलिंदा म्हणाली. "हात धुतलेत का, तेवढं विचार त्यांना."